शुक्रवारचा खेळ

गंगापूर रोड, नाशिक
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सावळ्या,

तुला फोन करून काही उपयोग नाही. मी विचारते तब्येत कशी आहे, आणि तू सांगतोस गाडी चांदवडला थांबते. म्हणून आपलं जुनं बरं, कागद आणि पेन. मामा म्हणायचे, तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडलं तरी चिठ्ठ्याच लिहाल.

आता मुद्द्याचं. बालवाडीतून निवृत्त झाले तरी माझी खोड काही गेली नाही, हे तुला तुझ्या सुनेकडून, अंजलीकडून कळलंच असेल. सूनबाई तेजश्री फोन उभा करून देते आणि मी दर सोमवारी पाच मिनिटांचा एक खेळ करून दाखवते. 'घरखेळ' म्हणतो आम्ही त्याला. तीन ते सहा वर्षांच्या पोरांनी घरातल्या मोठ्या माणसाला धरून खेळायचा. विकत काही आणायचं नाही, स्वयंपाकघरात असेल तेच घ्यायचं. आजमितीला एकशे चाळीस घरं खेळतात. खेळून झालं की लोक आपापले व्हिडिओ पाठवतात आणि मी दुपारी चष्मा लावून एकेक बघत बसते. एकेक घर म्हणजे नमुना आहे रे!

पण तुझी नात ओवी सगळ्यांवर कडी करते. गेल्या सोमवारी मी दाण्यांचा खेळ दिला होता. पोरानं डोळे मिटायचे, मोठ्यानं ताटात दाणे टाकायचे आणि आवाजावरून ओळखायचं, राजमा की मूग की मोहरी. सगळ्यांनी तसं केलं. तुमच्या घरून काय आलं? ओवीनं ताटभर दाण्यांची किनार मांडली! राजम्याची ओळ, मुगाची ओळ, मध्ये मोहरीचे ठिपके. अगदी लुगड्याचे काठ. तेजश्रीनं तर तो फोटो जपून ठेवलाय. पण मला कुतूहल आहे, हा वेगळा खेळ कुणाच्या डोक्यातून निघाला? तुझ्या की तिच्या?

लगेच लिही. आळस करू नकोस.

तुझी इंदिराअक्का

—

मालेगाव
ता. २६ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

पाया पडतो. पत्र मिळालं, दोनदा वाचलं.

तुझी चौकशी म्हणजे पोलिसाची चौकशी. सांगतो. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढली, आता माझ्या कानात काय शिल्लक राहणार? दत्तू आणि अंजली दोघं दिवसभर मागावर. पोराचं लक्ष धागा नेणाऱ्या धोट्याकडं, सुनेचं सुताच्या कांड्या भरण्याकडं. तुझा खेळ आला की अंजली फोन माझ्या हातात देते आन् जाते. मग मी आन् ओवी दोघं बघतो. तू काय बोलते ते मला काय कळत नाय. मला दिसतं ताट, दिसतात दाणे. मी ओवीकडं बघतो, ओवी माझ्याकडं बघते. तिनं एक राजमा ठेवला, मी एक ठेवला. झाली किनार! जात साळ्याची, विणकराची हाय आपली, दाणे दिले तरी काठच विणणार.

आन् तुला सांगतो, पोरगी लय हुशार. माझी शकू गेल्यापासून या घरात माझ्याशी धड बोलणारी ती एकटीच. बाकीचे ओरडतात. दत्तू तर असा ओरडतो की शेजारचे बाहेर येऊन बघतात. ओवी ओरडत नाय. तिला आमची मागावरची हातांची बोली सगळी येते. कारखान्यात तोंडानं बोलून कोणाला ऐकू येतं? धागा तुटला तर दोन बोटं झटकायची. चहा पाहिजे तर अंगठा तोंडाकडं. शेठ आला तर मिशीवर ताव. चार वर्षांचं पोर हे सगळं बोलतं, मिशी नसली तरी! माझ्यासाठी शिकली ती.

तोंडानं जरा कमी बोलते. शब्द अजून बोबडे आहेत. पण तिचा बाप पाच वर्षांचा होईस्तोवर तसाच होता. नंतर जे तोंड उघडलं ते अजून बंद नाय.

पुढचा खेळ चांगला दे. दाणे आमच्या कोंबडीनं खाल्ले.

तुझा
सावळीराम

—

नाशिक
ता. ५ डिसेंबर २०२४

चि. सावळ्या,

तुझं पत्र वाचून तेजश्री आणि मी पोट धरून हसलो. मग रात्री, नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना एकदम हात थांबला माझा.

तुला ऐकू येत नाही, कबूल. पण ओवीला तर येतं ना? मग मी 'डोळे मिटा' असं तीनदा सांगितलं, ते तिनं तुला का नाही सांगितलं? इथंच घोडं पेंड खातंय.

मी म्हातारी आहे, पण मास्तरीण आहे. मला राहवेना. ऑगस्टपासूनचे तुमचे सगळे व्हिडिओ तेजश्रीला काढायला लावले. अकरा आहेत. एकामागून एक बघितले, चार वेळा. आणि एक गोष्ट सापडली. ज्या खेळात माझा चेहरा दिसतो, त्यात ओवी निम्मं तरी बरोबर करते. 'डोक्यावर वाटी ठेव' बरोबर. 'मांजर कसं करतं' तिथं बाकीची पोरं म्याव म्याव करत सुटली, ओवीनं बोटांनी मिशा काढून दाखवल्या, तेही चालेल. पण ज्या खेळात कॅमेऱ्यासमोर नुसते माझे हात आहेत आणि बोलणं मागून, त्या प्रत्येक खेळात ती आपलं स्वतःचंच काहीतरी करते. प्रत्येक. एकही अपवाद नाही.

असू दे. मी उगाच काही बोलत नाही. तुझ्यासाठी एक वेगळा खेळ देते, हा ग्रुपवर टाकलेला नाही. शुक्रवारी तुमचे माग बंद असतात ना? त्या दिवशी खेळा. तू दारामागं जा. पाच आवाज काढ: डबा, घंटी, टाळ्या, वाटी-चमचा आणि शेवटी तिच्या नावानं हाक. ओवीनं बाहेर बसून ओळखायचं. काय झालं ते मला जसंच्या तसं कळव. शोभेचं लिहू नकोस.

अक्का

—

मालेगाव
ता. १६ डिसेंबर २०२४

ती. अक्का,

पाचपैकी पाच! वाजव आता नाशिकला नगारे.

तुझा रोख काय होता ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ नाय. पहिल्यांदा रागच आला मला. म्हणलं, स्वतःच्या व्हिडिओत दम नाय आन् माझ्या नातीच्या कानाला नावं ठेवते. वड्याचं तेल वांग्यावर. पण म्हणलं, दाखवूनच देऊ.

तर शुक्रवारी, तेराला, सगळ्या गल्लीत शांत असताना खेळलो. म्हणजे शांत होतं असं अंजली म्हणाली, मला सगळे दिवस शांतच. मी दारामागं गेलो. डबा वाजवला, ओवीनं बाहेरून डब्याकडं बोट केलं. घंटी, बरोबर. टाळ्या, बरोबर. वाटी-चमचा, बरोबर. शेवटी हाक मारली तर हसत हसत आत पळत आली आन् माझ्या पायाला मिठी मारली.

हुशारी तर बघ. दाराच्या फटीतून डोकावत होती बेटी. माझा खांदा वर गेला की घंटी, कोपर हलला की डबा, असं तिनं ताडलं. मागावर आम्ही असंच तर काम करतो. शेजारच्या मागाचा माणूस काय म्हणतो ते त्याच्या खांद्यावरून कळतं. ते चालतं ना? नियमात तू काय लिहिलं नव्हतं.

आता पुरे कर ही चौकशी. भीक नको पण कुत्रा आवर असं झालंय.

सावळीराम

—

नाशिक
ता. २२ डिसेंबर २०२४

सावळ्या,

चालत नाही! कसं चालेल? ज्या पोराला ऐकू येतं ते पोर फटीतून कशाला बघेल? ते भिंतीकडं तोंड करून आरामात सांगेल, घंटी म्हणून.

आता मी स्पष्टच लिहिते, रागावलास तर रागाव. मला वाटतं ओवीला नीट ऐकू येत नाही. माझी खात्री नाही, मी डॉक्टर नाही. पण तीस वर्षं पोरांमध्ये काढली आहेत, आणि आत कुठंतरी टोचतंय. तुमच्या घरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही. मागांच्या आवाजात सगळेच हातानं बोलतात, सगळेच ओठ बघतात. दुसऱ्या कुठल्याही घरात ती दोन वर्षांची असतानाच कुणीतरी म्हणालं असतं, अगं ही हाकेला बघत का नाही? तुमच्याकडं हाकच कुणी मारत नाही. खांद्याला हात लावता.

आणि हे वय थांबत नाही रे. बोलणं शिकायचं ते आत्ता. उशीर झाला तर पुढं दुप्पट कष्ट, तिचे. जूनमध्ये तिला शाळेत घालणार ना? तिथं चाळीस पोरांत बाई पाठमोऱ्या फळ्यावर लिहीत बोलतील. ती कुठल्या फटीतून बघेल?

येत्या शुक्रवारी परत खेळा. ओवीला गोधडीवर बसव, जमिनीचा हादरा लागायला नको. हातात बाहुली दे. अंजलीनं पाठीमागं उभं राहायचं, सावलीसुद्धा पुढं पडायला नको. तू समोर बस आणि फक्त ओवीचं तोंड बघ. तुला ऐकू येत नाही ते एक बरंच आहे, तू चुकून दचकून तिला खूण करणार नाहीस.

माझं खोटं ठरलं तर मी स्वतः मालेगावला येऊन तुझ्या पाया पडेन, मोठी असले तरी.

अक्का

—

नाशिक
ता. २० जानेवारी २०२५

सावळ्या,

महिना झाला. पत्र नाही. संक्रांतीचा तीळगूळ पाठवला, त्याची पोच नाही. तेजश्री म्हणते, ओवीचा एकही व्हिडिओ गेले चार सोमवार आलेला नाही. अंजलीला फोन केला तर 'आबांना विचारा' म्हणाली आणि फोन ठेवला. रडत होती का ती?

काय ते लिही. वाईट असलं तरी लिही. लपवलेलं काही सुधारत नाही.

अक्का

—

मालेगाव
ता. २९ जानेवारी २०२५

ती. अक्का,

चुकलो. आधी तेवढं लिहितो, मग बाकीचं.

खेळ आम्ही सत्तावीस तारखेच्या शुक्रवारीच खेळलो होतो. तू सांगितलं तसाच. ओवी गोधडीवर बसली, बाहुलीला खोटा खोटा भात भरवत होती. अंजली मागं. मी समोर. अंजलीनं हाक मारली, तिचे ओठ हलले ते मला दिसले. ओवी भात भरवतेय. अंजलीनं टाळ्या वाजवल्या. ओवी भात भरवतेय. मग वाटीवर चमचा. अंजली जोरजोरात वाजवत होती, अक्का. मला ऐकू येत नव्हतं आन् तिलाही येत नव्हतं. ओवीनं वर बघितलं, मला बघून हसली. मीही हसलो, सवयीनं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसतोय, आन् मागं अंजलीच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं.

शेवटी अंजलीच्या हातून पातेलं फरशीवर पडलं. तेव्हा मात्र ओवीनं मान वळवली. मी तेवढंच धरून बसलो. म्हणलं, बघ, येतं की ऐकू! सर्दी झाली असेल, मळ असेल. अंजलीला शपथ घातली, दत्तूला सांगायचं नाय, नाशिकला कळवायचं नाय. ती बिचारी सासऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नाय. अंजलीच्या फोनला हात लावायचा सोडला मी. तुझा खेळ बघायची हिंमत होईना.

का केलं म्हणशील, तर भ्यालो. ओवी झाली त्याच वर्षी मी मागांची शेड घराला लागून बांधली. दत्तू म्हणत होता, आबा, जरा लांब बांधू. मी ऐकलं नाय. पाळणा त्या भिंतीपाशी होता. मला वाटलं, माझ्या मागांनी तिचे कान खाल्ले. हे पोराला कोणत्या तोंडानं सांगू?

आन् अजून एक हाय. ते लिहायला लाज वाटते. मला वाटायचं ती माझ्यासाठी हातानं बोलते. आबाला ऐकू येत नाय म्हणून एवढंसं पोर कसं समजून घेतं, असं मी गल्लीभर सांगत फिरलो. तिला दुसरं काय येतच नव्हतं, म्हणून बोलत होती. मी आपला खूश. चार वर्षं, अक्का. मी रोज तिच्या समोर बसलेला, आन् मलाच दिसलं नाय.

काल अंजलीनं कांड्या भरायच्या सोडून दिल्या. माग थांबला तेव्हा दत्तू बघायला आला. तिनं त्याच्यासमोर सांगितलं, सगळं, माझ्या तोंडाकडं बघत, सावकाश, म्हणजे मलाही कळावं. म्हणाली, आबा, मी ओवीला घेऊन नाशिकला जाणार. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाय तर एकटी. दत्तू ओवीला कडेवर घेऊन आत गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आता तू सांग काय करायचं. सांगशील ते करतो.

सावळ्या

—

नाशिक
ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. सावळ्या,

रडून झालं असेल तर डोळे पूस. माझंही झालं आहे.

तू गाढव आहेस. हे आधी लिहिते, कारण प्रेमानं लिहायला लागले तर हे राहून जाईल. एक महिना घालवलास. पण चार वर्षांचा गुन्हा डोक्यावर घेऊ नकोस, तो तुझा एकट्याचा नाही. तिच्या समोर बसणारं माणूस तूच होतास, म्हणून तर ती आज हातानं का होईना, सगळं बोलते. कुणाशीच काही न बोलणारं पोर मी बालवाडीत बघितलं आहे. ते फार वेगळं असतं. डॉक्टरांसमोर हेही सांगणार आहे मी.

मंगळवारी, अकरा तारखेला, इथल्या कानाच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. आदल्या दिवशी या. द्वारकेच्या चौकात उतरा, तेजश्री घ्यायला येईल. ओवीला झोपेचं औषध देऊन, डोक्याला बारीक तारा चिकटवून तपासतात, दुखत नाही. मागांचा दोष आहे की नाही ते तूच त्यांना विचार. मी कागदावर लिहून घेईन, म्हणजे तुला नंतर मी गोड बोलले असं वाटायला नको.

आणि सावळ्या, माझंही एक चुकलंय. मी एकशे चाळीस घरांना खेळ पाठवते आणि घरातला मोठा माणूस नीट ऐकणाराच असणार असं धरून चालले. कालपासून तेजश्री प्रत्येक खेळाखाली मोठ्या अक्षरात ओळी टाकते आहे, आणि मी हातांमागं तोंड लपवणं बंद केलं आहे. जुने खेळसुद्धा पुन्हा करायला घेतलेत. पहिला दाण्यांचाच केला. तेजश्री दमली आहे, पण कुरकुर नाही.

या. चौघंही या. माग दोन दिवस बंद राहिले तर आकाश कोसळत नाही.

अक्का

—

मालेगाव
ता. १८ जून २०२५

ती. अक्का,

तू लिहून दिलेला कागद अजून माझ्या खिशात हाय. 'जन्मापासूनचं आहे, मागांमुळे नाही.' घडीवर फाटायला लागला, तरी दिवसातून एकदा काढून वाचतो. दत्तूनं बघितलं परवा. चिकटपट्टी आणून दिली.

कानातली यंत्रं आली त्याला आता दोन महिने झाले. पहिल्या दिवशी काय झालं ते तुला अंजलीनं सांगितलं असेल, पण माझ्या डोळ्यांनी सांगतो. यंत्रं घालून ती नेहमीसारखी पळत शेडमध्ये गेली आन् दारातच उभी राहिली. दोन्ही हात कानांवर. मग माझ्याकडं वळून हातानं विचारलं, हे काय? मी म्हणलं, माग. तिनं परत विचारलं, रोज? मी म्हणलं, रोज. असं बघितलं माझ्याकडं की काय सांगू, जणू सगळं घर येडं हाय. आन् यंत्रं काढून माझ्या हातात दिली.

तेव्हा दत्तूनं ठरवलं. रोज पाच ते सहा माग बंद. गल्लीतले हसले, म्हणाले, शुक्रवार रोजच आला का तुमच्याकडं? दत्तू म्हणाला, आला. त्या तासाला आम्ही चौघं गोधडीवर बसतो आन् तुझा खेळ लावतो. मी खालच्या ओळी वाचतो. दत्तूला आवाज काढायचे खेळ आवडतात, बोकडाचा आवाज असा काढतो की खरा बोकड लाजेल. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडं दर गुरुवारी जातो. ओवी 'पाणी' म्हणते, 'आई' म्हणते, 'नको' तर फार स्वच्छ म्हणते.

शाळा सोमवारी सुरू झाली. पहिल्या दिवशी ती पुढच्या बाकावर बसली, बाईंना मी सांगून आलो होतो, जरा तोंड दाखवून बोला.

आता कालचं. मी ओट्यावर बसून शेंगा सोलत होतो, रस्त्याकडं तोंड. ओवी शाळेतून आली ती मागच्या दारानं. तिनं मागूनच हाक मारली. आता तिला कळलंय ना, हाक मागूनही मारता येते. मी कसला बघतो? तिनं परत मारली. अंजली सांगते, पाच-सहा वेळा मारली, मग रडवेली झाली. तिला वाटलं आबा रागावला. अंजलीनं तिला जवळ घेतलं आन् हातानं सांगितलं, आबाला ऐकू येत नाय.

अक्का, तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या हिशेबानं आम्ही दोघं सारखेच होतो, आन् आम्ही सारखे होतो तोवर त्याला नावच नव्हतं. पोर म्हणे माझ्या पाठीकडं बघत राहिली.

मग ती पुढं आली. माझ्या मांडीवरचं सूप बाजूला सरकवलं. दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली आन् तोंड स्वतःकडं वळवलं. आन् बोलली. हातानं नाय, तोंडानं. सावकाश, एकेक शब्द सुटा, गुरुवारच्या बाई तिच्याशी बोलतात अगदी तशी. अंजली दारात उभी होती, ती म्हणते सगळे शब्द स्पष्ट होते. आवाज कसा होता ते मला नाय सांगता येणार. पण ओठ माझ्याइतके कोणाला वाचता येतात?

"आबा," ती म्हणाली, "इकडं बघ."

मी बघितलं.

तुझा
सावळ्या